ऑफिस बॅगेत... मग घर कुठे?

लॅपटॉप उघडला की ऑफिस सुरू, मिटला की बंद! मग मुंबईचं भाडं भरायचं कशाला? चला नाशिकला, चला गोव्याला... असं म्हणणाऱ्या मंडळींसाठी पाच शहरांचा हा रोखठोक हिशेब. पैशांचा, वेळेचा आणि संध्याकाळी सातनंतर भेटणाऱ्या माणसांचाही!

मंगळवारची दुपार. 'तुम्ही म्यूटवर आहात' हे वाक्य सकाळपासून चौथ्यांदा ऐकून झालंय. कॅमेऱ्यात दिसते तेवढीच भिंत स्वच्छ आहे. बाकी खोलीत वाळत घातलेले कपडे, रूममेटची बॅग आणि कालचा न धुतलेला डबा. खाली रस्त्याचं खोदकाम चालू. तेवढ्यात व्हॉट्सअॅपवर मित्राचा फोटो येतो. गावाकडच्या घराची गच्ची, चहाचा कप, बाजूला लॅपटॉप आणि खाली ओळ : 'आजचं ऑफिस!'

झालं! डोक्यात भुंगा सुरू. तो तिथे बसून तेच काम करतो, तोच पगार घेतो. मग आपण इथे वीस हजार भाडं भरून या खोलीत काय करतोय?

प्रश्न अगदी रास्त आहे. पण त्याचं उत्तर त्या फोटोत नाही. फोटो नेहमी रविवारचाच असतो, मंगळवारचा नाही. आणि राहायचं तर आपल्याला मंगळवारीच असतं ना! म्हणून या वेळी आम्ही पाच शहरं घेतली : मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूर आणि पणजी. हिशेबाला एकच माणूस धरला. वय पंचविशी-तिशीतलं, लग्न नाही, हातात येणारा पगार ८० हजार. पुढचे खर्चाचे आकडे उदाहरणादाखल धरलेले आहेत. एरिया बदलला, सवयी बदलल्या की ते बदलणार. तुमचे आकडे घालून बघा, पण रीत हीच ठेवा.

आधी एक फोन, एचआरला!

शहराआधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या. ऑफिस तुम्हाला किती वेळा बोलावणार?

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि रातोरात सगळ्यांची ऑफिसं घरी आली. कित्येकांनी मुंबई-पुण्यातल्या खोल्या सोडल्या, सामान टेम्पोत टाकलं आणि गाव गाठलं. तेव्हा वाटलं, हे आता कायमचंच. पण नंतर एकेक कंपनी माणसांना परत बोलवायला लागली. ऑक्टोबर २०२३ पासून टीसीएसनं आपल्या कर्मचाऱ्यांना आठवड्याचे पाचही दिवस ऑफिसात यायला सांगितलं, तेव्हा ज्यांनी गावी नवं टेबल, नवी खुर्ची घेतली होती त्यांची चांगलीच पंचाईत झाली.

म्हणून आधी आपलं अपॉइंटमेंट लेटर काढा आणि त्यात 'बेस लोकेशन' काय लिहिलंय ते वाचा. तिथे मुंबई लिहिलं असेल, तर तुमचं घरून काम करणं ही सवलत आहे, हक्क नाही. बॉस तोंडी 'अरे, बिनधास्त जा' म्हणाला असेल, तर तेच त्याच्याकडून ई-मेलवर मागून घ्या. बॉसही बदलतात, राव!

आणि आणखी एक. शहर बदललं की पगार तोच राहणार का, हेही आत्ताच विचारा. काही ठिकाणी पगार शहरानुसार ठरतो. भाड्यात वाचवलेले दहा हजार पुढच्या इन्क्रिमेंटमध्ये गेले, तर कमावलं काय?

मुंबई : महाग खरी, पण गाडी लागत नाही

मुंबईचं भाडं हा तर विनोदाचाच विषय. तरी हिशेब करू. अंधेरीत टू-बीएचके दोघांत घेतला आणि तुमच्या वाट्याला २० हजार आले असं धरा. जेवणखाण नऊ हजार, कामाच्या मावशींचे चार हजार, वीज आणि नेट अडीच हजार, लोकल-मेट्रो-रिक्षा तीन हजार आणि हिंडणं-फिरणं आठ हजार. एकूण ४६,५००.

या यादीत एक गोष्ट नाही, लक्षात आलं? गाडी! ईएमआय नाही, पेट्रोल नाही, सर्व्हिसिंग नाही. लोकल तर आहेच, पण २०२३ च्या जानेवारीपासून अंधेरी-दहिसर पट्ट्यात मेट्रो २अ आणि ७ पूर्ण धावतात. आरेहून निघणारी भुयारी मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ मध्ये थेट कफ परेडपर्यंत पोचली. रात्री अकरा वाजता मुलगी एकटी लोकलनं घरी येते आणि त्यात कुणाला नवल वाटत नाही. ही सोय भाड्याच्या पावतीवर लिहिलेली नसते, पण पैसे आपण तिचेही भरत असतो.

आणि नोकरी! आजची गेली तर उद्या मुलाखतीला जायला इथे रजा घ्यावी लागत नाही. जेवणाच्या सुट्टीत उरकून येता येतं.

गैरसोय एकच. जागा. दहा बाय दहाच्या खोलीत पलंग, टेबल आणि आपण. दिवसभर त्याच खोलीत काम, रात्री तिथेच झोप. ऑफिसला जाणाऱ्याला मुंबईतलं छोटं घर खपून जातं, कारण तो घरी असतोच कधी? घरून काम करणाऱ्याला मात्र तेच घर चोवीस तास अंगावर येतं. भाड्याला कंटाळून डोंबिवली-बदलापूरला गेलात तर खोली मोठी मिळते, पण ऑफिसच्या दिवशी गाडीत उभं राहायला जागा मिळत नाही.

पुणे : स्वतःचं दार, स्वतःची टू-व्हीलर

पुण्यात कोथरूड-कर्वेनगरकडे वन-बीएचके एकट्यानं घेतला, भाडं १८ हजार धरलं. जेवणखाण आठ, मावशी साडेतीन, वीज-नेट अडीच, गाडी चार आणि हिंडणं-फिरणं सात हजार. बेरीज ४३ हजार.

म्हणजे अंधेरीपेक्षा वाचले किती? फक्त साडेतीन हजार! पुणे स्वस्त आहे म्हणून इथे येणाऱ्यांचा पहिला अपेक्षाभंग इथेच होतो. पण थांबा. मुंबईत हे पैसे अर्ध्या घराचे होते, इथे अख्ख्या घराचे आहेत. दार लावून घेतलं की आपण आणि आपलं काम. घरून काम करणाऱ्याला या दाराची किंमत कळते.

पुण्यातला लपलेला खर्च म्हणजे गाडी. मेट्रो मार्च २०२२ मध्ये सुरू झाली, पण ती तुमच्या दारापासून निघून तुम्हाला हव्या त्या ठिकाणी जाईलच असं नाही. त्यामुळे टू-व्हीलर हवीच. टू-व्हीलर म्हणजे पुणेकराचं दुसरं भाडं! आणि बाणेरहून कॅम्पात मित्राला भेटायला जायचं, तर संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये एवढा वेळ जातो की 'पुढच्या आठवड्यात बघू' असंच म्हटलं जातं.

शिवाय पुण्यात गुरुवार सांभाळून. दुरुस्तीसाठी पाणी किंवा वीज बंद ठेवायची तर पुण्यात बऱ्याचदा गुरुवारच मुक्रर होतो. क्लायंट कॉल गुरुवारी ठेवण्याआधी पेपरात आपल्या भागाचं नाव आलंय का ते बघून घ्या.

मुंबईच्या ऑफिसला महिन्यातून चार-पाच वेळा जायचं असेल तर मात्र पुण्यासारखी सोय नाही. डेक्कन क्वीन १९३० पासून हेच काम करतेय. सकाळी बसायचं, संध्याकाळी त्याच गाडीनं परत. तीन-सव्वातीन तासांत झोप तरी होते, नाहीतर प्रेझेंटेशन तरी.

नाशिक : ऑफिसचे दिवस मोजा, मग बॅग भरा

नाशिकची हवा आवडत नाही असा माणूस विरळाच. गंगापूर रोडला वन-बीएचके, भाडं दहा हजार धरा. जेवणखाण सात, मावशी तीन, वीज-नेट अडीच, गाडी साडेतीन आणि हिंडणं-फिरणं पाच हजार. बेरीज ३१ हजार. मुंबईच्या दोन फेऱ्या आणि एखाद्या रात्रीचा मुक्काम मिळून चार हजार टाका. ३५ हजार. अंधेरीपेक्षा महिन्याला साडेअकरा हजार वाचले. मस्त!

आता ऑफिसनं आठवड्यातून दोन दिवस बोलावलं असं धरा. महिन्यात चार वेळा जाणं-येणं, प्रत्येकी हजार रुपये, आणि चार रात्री मुक्काम, प्रत्येकी दोन हजार. झाले बारा हजार. बेरीज ४३ हजारांवर! म्हणजे अंधेरीच्या खोलीपेक्षा वाचले जेमतेम साडेतीन हजार. तीन दिवस बोलावलं तर मुक्कामाच्या रात्री होतात आठ. खर्च ५१ हजार, म्हणजे मुंबईत राहण्यापेक्षा महाग. स्वस्त शहरात राहून महाग शहराचं बिल भरायचं, हा प्रकार इथे घडतो.

पैशांखेरीज तासही मोजा. पंचवटी एक्स्प्रेस नाशिककरांची जुनी मैत्रीण. सकाळी घेऊन जाते, रात्री आणून सोडते. पण नाशिक रोड ते मुंबई एका बाजूला साडेतीन तासांच्या आसपास जातात, आणि गंगापूर रोडहून स्टेशन गाठायचं ते वेगळंच. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्ग पूर्ण खुला झाल्यापासून रस्त्यानं जाणं सोपं झालंय, पण स्वतःची कार, टोल आणि पेट्रोल धरलं तर रेल्वेच बरी.

थोडक्यात, महिन्यातून एक-दोनदा बोलावणारं ऑफिस असेल तर नाशिकइतकं छान काही नाही. सकाळी मिसळ, संध्याकाळी मोकळा रस्ता. फक्त येणारा सिंहस्थ लक्षात ठेवा. २०२६-२७ च्या कुंभमेळ्यात गोदाकाठच्या आसपास घर असेल तर रस्ते बंद आणि पाहुणे चालू, अशी परिस्थिती राहणार.

आणखी एक गंमत म्हणजे घरमालकाचा प्रश्न. 'नोकरी कुठं?' 'मुंबईच्या कंपनीत.' 'मग इथं काय करता?' 'घरातून काम.' पुढे दोन मिनिटं शांतता! त्यामुळे कंपनीचं पत्र आणि तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप्स फायलीत तयार ठेवा.

कोल्हापूर : भाडं शून्य, पण...

आता तो गच्चीवरचा फोटो. आपलं घर कोल्हापुरात आहे, तिथेच परत जायचं. भाडं शून्य! घरखर्चाला १२ हजार द्या (द्याच, आई नको म्हणाली तरी द्या). दुसरं नेट कनेक्शन आणि इन्व्हर्टरचा हप्ता दोन हजार, पेट्रोल दोन, हिंडणं-फिरणं पाच, मुंबईची एक फेरी मुक्कामासकट चार. एकूण २५ हजार. अंधेरीपेक्षा साडेएकवीस हजार कमी. नाद खुळा!

जेवण आईच्या हातचं, तांबडा-पांढरा रस्सा हक्काचा, संध्याकाळी रंकाळ्यावर शाळेतले मित्र. मुंबईला जायचं तर रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये झोपायचं, सकाळी मुंबई. पुण्यासाठी २०२४ च्या सप्टेंबरपासून वंदे भारतही आहे.

मग अडचण कुठे? अडचण 'घरीच तर आहेस की' या वाक्यात आहे. घरच्यांच्या लेखी जो घरात आहे तो मोकळा आहे. गॅसवाला आला, खाली जा. काकांना बँकेत जायचंय, सोड जरा. आत्याबाई आल्यात, दोन मिनिटं येऊन बस बाहेर. बाबांच्या मते ऑफिस म्हणजे शर्ट इन करून जायची जागा. बर्म्युडा घालून हेडफोन लावलेला मुलगा काम करतोय हे त्यांच्या पचनी पडायला सहा महिने तरी लागतात.

मुलींच्या बाबतीत हे जास्तच. पुण्यात एकटीनं फ्लॅट सांभाळणारी, रात्री नऊला मैत्रिणींबरोबर कॉफी प्यायला जाणारी मुलगी घरी परतली की पहिल्याच आठवड्यात विचारलं जातं, 'कुठं चाललीस? कोण कोण आहे? किती वाजता येणार?' कॉल चालू असताना पाहुण्यांचा चहाही तिनंच ठेवायचा. आणि घरातच आहे म्हटल्यावर स्थळांच्या फेऱ्या सुरू होतात त्या वेगळ्याच. वाचलेल्या साडेएकवीस हजारांतून या गोष्टी वजा करायच्या की नाही, हे जिचं तिनं ठरवायचं. पण त्या हिशेबात मांडायला तर हव्यात!

दुसरी बाजूही तितकीच खरी. आईबाबांची साठी उलटलेली असते. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन, शुगरचे रिपोर्ट, हे फोनवर विचारणं वेगळं आणि शेजारी बसून बघणं वेगळं. अशा वेळी घरी असणं कुठल्याही पगारात विकत मिळत नाही. म्हणून जायचं तर जरूर जा. फक्त पहिल्याच दिवशी दाराला वेळ लावा. दहा ते सात दार बंद, म्हणजे मी ऑफिसात आहे. आणि ते दार तुमच्याकडूनही पाळलं जाऊ दे. सात वाजले की लॅपटॉप बंद करून बाहेर या.

पावसाळ्याचंही लक्षात असू दे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद पडला होता. त्या दिवसांत 'उद्या ऑफिसला या' म्हटलं तरी जाणार कुठून?

पणजी : सुट्टीचं गाव आणि राहायचं गाव

आणि आता सगळ्यांचं स्वप्न. गोवा! आकडे ऐकून घ्या आधी. पणजी-ताळगावकडे वन-बीएचके २२ हजार, जेवणखाण दहा, मावशी चार, वीज-नेट साडेतीन (दमट हवेत एसी लागतोच), गाडी सहा आणि हिंडणं-फिरणं दहा हजार. बेरीज ५५,५००. म्हणजे अंधेरीपेक्षा नऊ हजार जास्त!

असं का? एक तर गोव्यात बस सगळीकडे हवी तेव्हा मिळत नाही, त्यामुळे गाडीशिवाय पान हलत नाही. दुसरं म्हणजे शनिवारी मुंबईहून मित्र येतात. 'तुझ्याकडेच उतरतो रे!' असे चार शनिवार झाले की बजेटचे तीन तेरा. आणि तिसरं, २०२० नंतर लॅपटॉप घेऊन इतकी मंडळी गोव्यात उतरली की आसगाव-शिवोलीकडची भाडी मूळच्या गोवेकरालाच परवडेनाशी झाली. आपण स्वस्ताईच्या शोधात जातो आणि आपल्यामुळेच तिथलं कुणीतरी महागाईत अडकतं. हेही लक्षात असलेलं बरं. निदान तिथे गेल्यावर दोन वाक्यं कोंकणी शिकायला काय हरकत आहे?

घर घेताना एकच काळजी घ्या. करारात डिसेंबर स्पष्ट लिहून घ्या. सीझनमध्ये घर रिकामं करा किंवा भाडं वाढवा, असं ऐकायची वेळ यायला नको. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू झालाय, पण ऐन डिसेंबरात ऑफिसनं बोलावलं तर तिकिटाचा दर बघून घाम फुटतो.

आणि पावसाळा! १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. शॅक उतरवलेले, किनाऱ्यावर शुकशुकाट, लाइट कधी जाईल नेम नाही. टुरिस्टांचं गोवा तेव्हा संपतं आणि खरं गोवा सुरू होतं. सकाळी पोदेराच्या सायकलचा भोंगा, गरम पाव, पागोळ्यांचा आवाज. हे ज्याला आवडलं त्यानं गोव्यात खुशाल राहावं. ज्याला हे ओसाड वाटलं त्यानं सुट्टीतच जावं!

चौकट : एका दृष्टिक्षेपात
(उदाहरणादाखल धरलेला महिन्याचा खर्च)

अंधेरी, शेअरिंगमध्ये : ४६,५०० रुपये
पुणे, एकट्यानं वन-बीएचके : ४३,००० रुपये
नाशिक, महिन्यात दोन मुंबई फेऱ्या : ३५,००० रुपये
नाशिक, आठवड्यात दोन दिवस ऑफिस : ४३,००० रुपये
कोल्हापूर, स्वतःच्या घरी : २५,००० रुपये
पणजी, एकट्यानं वन-बीएचके : ५५,५०० रुपये

परतीचा फंड!

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे शिफ्ट होताना कुणीच धरत नाही.

समजा नाशिकला गेलात, वर्षभर मजेत राहिलात आणि एक दिवस मेल आला : 'पुढच्या महिन्यापासून सर्वांनी ऑफिसात हजर राहावे.' किंवा त्याहून वाईट, नोकरीच गेली आणि नवी मिळते आहे ती मुंबईत, रोज येण्याच्या अटीवर. परत यायला किती लागतील? शेअरिंगमधल्या तुमच्या वाट्याचं भाडं २० हजार. तीन महिन्यांचं डिपॉझिट ६० हजार, ब्रोकरेज एक महिन्याचं २० हजार आणि पहिलं भाडं २० हजार. झाले एक लाख. तेही टेम्पोचं भाडं न धरता!

नाशिकला महिन्याला साडेअकरा हजार वाचतात. म्हणजे लाख जमायला नऊ महिने लागतात. याचा अर्थ, पहिल्या नऊ महिन्यांत जे वाचलं ते तुमचं नाहीच. ते परतीच्या तिकिटाचं आहे. ते वेगळ्या खात्यात टाका आणि विसरून जा. कोल्हापूरला हेच काम पाच महिन्यांत होतं. पणजीत तर वाचतच नाही, त्यामुळे जाण्याआधीच लाख बाजूला हवेत.

हा फंड नसला तर काय होतं? मेल आला की दोनच वाटा उरतात. क्रेडिट कार्डावर डिपॉझिट भरायचं, नाहीतर मिळेल ती नोकरी गावातच पत्करायची. मग शहर आपण निवडलं असं म्हणता येत नाही, आपण तिथे अडकलो असंच म्हणावं लागतं. फंड खात्यात असला की तोच मेल वाचताना छातीत धस्स होत नाही. 'नाही येत' म्हणायचं की 'येतो' म्हणायचं, ते आपण ठरवतो.

चौकट : सही करण्याआधी

- महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणीची जबाबदारी कायद्यानं घरमालकावर आहे. 'नोटरी पुरे' म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. नोंदणी ऑनलाइनही होते.
- अकरा महिन्यांच्या करारात 'लॉक-इन' किती महिन्यांचा आहे ते बघा. ऑफिसनं अचानक बोलावलं तर तेवढं भाडं अंगावर पडू शकतं. शक्यतो तीन महिन्यांच्या वर नको.
- पगारात घरभाडे भत्ता असेल तर त्यावरची करसवलत जुन्या करप्रणालीतच मिळते. २०२३-२४ पासून आपोआप लागू होणाऱ्या नव्या प्रणालीत ती नाही. आणि आईबाबांकडे बिनभाड्यानं राहिलात तर जुन्या प्रणालीतही नाही. गावी जाण्याआधी दोन्ही गणितं करून बघा.
- नेटची दोन कनेक्शन्स ठेवा. एक फायबर, एक मोबाइल, आणि दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांची. राउटरला छोटा यूपीएस लावला की लाइट गेल्यावर निदान चालू कॉल तरी पूर्ण होतो.
- घर बघायला जाल तेव्हा खिडकीशी नाही, जिथे टेबल ठेवणार तिथे उभं राहून फोन लावून बघा.

आधी चार मंगळवार काढा

थेट सामान हलवू नका. एक महिना ट्रायल घ्या. मित्राकडे, पीजीमध्ये, कुठेही. अट एकच : रजा घ्यायची नाही. पूर्ण काम करायचं. शनिवार-रविवार शहर कुठलंही असो, छानच जातो. चार मंगळवार मोजा.

मंगळवारी नेट टिकलं का? दुपारी जेवायला काय मिळालं आणि कितीला? ताप आला तर डॉक्टर किती लांब? आणि शेवटचा, पण सगळ्यात खरा प्रश्न : संध्याकाळी सात वाजता लॅपटॉप मिटल्यावर कुणाला फोन करून म्हणू शकलात, 'चल, खाली ये, चहा घेऊ'?

ऑफिसात हे आपोआप व्हायचं. लिफ्टमध्ये, टपरीवर, कँटीनच्या रांगेत. घरून काम करताना दिवसभर माणसं दिसतात, पण सगळी चौकोनात. नव्या शहरात कुणाची ओळख नसेल तर सात वाजल्यानंतरची खोली फार शांत होते. ती शांतता पहिल्या महिन्यात हवीहवीशी वाटते, चौथ्या महिन्यात मग स्क्रोल करता करता मध्यरात्र होते. म्हणून जिम लावा, नाटकाच्या ग्रुपला जा, ट्रेकवाल्यांना गाठा, काहीही करा. पण आठवड्यातून दोन संध्याकाळी कुणीतरी तुमची वाट बघेल असं काहीतरी जमवा.

आणि चारही मंगळवारी चहाला एकही नाव सुचलं नाही, तर भाडं कितीही कमी असो, ते शहर अजून तुमचं नाही. अजून एखादा महिना द्या, नाहीतर पुढचं बघा.

बाकी त्या गच्चीवाल्या मित्राला आज संध्याकाळी फोन कराच. फोटो कसा आला ते नका विचारू. विचारा, 'काय रे, मंगळवार कसा जातो तिकडे?'